एक कागद खाली, एक समोर

सोपान,

मखमलाबाद नाक्यावर तुझा फ्लेक्स लागला आहे. चांगला बारा फूट लांब. त्यात डाव्या कोपऱ्यात तू आहेस, रेशनकार्डावरच्या फोटोइतका गंभीर, आणि उरलेल्या जागेत पुढच्या निवडणुकीची तयारी करणारे आपल्या वॉर्डातले एक सद्गृहस्थ हात जोडून उभे आहेत. नेमकं गेलं कोण, हे पाहणाऱ्याला क्षणभर कळत नाही. तुझ्या नावाआधी त्यांनी ‘वृक्षमित्र’ लावलं आहे.

उभा जन्म तू झाडं कापायची मशीनं दुरुस्त केलीस. तू वृक्षमित्र, तर मग पिंजरे विकणाऱ्याला मूषकमित्र म्हणायला हरकत नसावी. हे वाक्य मला त्या फ्लेक्सखालीच सुचलं आणि पाय आपोआप तुझ्या दुकानाकडे वळले. चार वाजत आले होते, चहाची वेळ. शटर खाली होतं. सुचलेलं वाक्य घेऊन जायला जागा नसणं, हा प्रकार मी पहिल्यांदा अनुभवला. साठी ओलांडल्यावर माणसाला नवीन अनुभव येत नाहीत असं म्हणतात, ते काही खरं नाही.

अठरा वर्षं मी तुझ्याकडे येत होतो आणि एकदाही पाना हातात धरला नाही. पहिल्यांदा आलो तो वाचनालयातली रद्दी घेऊन. तुला जुनी वर्तमानपत्रं लागतात असं कुणीतरी सांगितलं होतं. मी ग्रंथपाल, गठ्ठे तारखेनुसार लावून आणले होते. तू वरचं पान उचललंस, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचं, रंगीत, आणि परत माझ्या हातात दिलंस.

“हे नको मास्तर. याला शाई लय. तेल शोषत नाही, डाग खोटं बोलतो.”

“मी मास्तर नाही. ग्रंथपाल आहे.”

“तेच ते. छोट्या जाहिरातींची पानं आणा. जिथं बारीक अक्षर, तिथं डाग खरा.”

वर्तमानपत्राची इतकी नेमकी समीक्षा मी त्याआधी ऐकली नव्हती. चहा येईपर्यंत तू मला ‘तुम्ही’ म्हणत होतास, चहा संपला तेव्हा त्याचं ‘तू’ झालं होतं. मास्तर मात्र मी कायमचा झालो.

तुझ्याकडे यायची ती सगळी म्हातारी मशीनं. नवीन चेनसॉ घेणारे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात जातात, तिथे थंड हवा असते आणि पार्ट मिळत नाही. तुझ्याकडे देवळ्याहून एसटीने गोणीत घालून आणलेलं मशीन असायचं, विंचूरच्या कुणा शेतकऱ्याने द्राक्षबाग मोडायला काढलेलं, नाहीतर पेठच्या बाजूच्या लाकूडतोड्याचं. आणि दहातल्या सहांची तक्रार एकच, ऑइल गळतं. ज्या लांब पट्टीवरून चेन पळते, तिला सतत तेल लागतं. त्या तेलाची वेगळी टाकी असते, आणि मशीन जुनं झालं की ते तेल पट्टीला कमी आणि घरातल्या फरशीला जास्त मिळतं. एवढं ज्ञान मला झालं होतं. त्यापलीकडचं तुझ्याकडे होतं.

“अण्णा, लय गळतंय ओ.”

“गळतंय का घामेजलंय?”

“आता ते मी काय डॉक्टरला इचारू?”

“डॉक्टरच बसलाय समोर. ठेव कागदावर. जा, मिसळ खाऊन ये.”

घाम, पाझर आणि गळती. तुझ्या दवाखान्यात तीन रोग होते आणि ते एकमेकांत मिसळलेले तुला चालत नसत. काम करून आलेल्या मशीनच्या पट्टीत उरलेलं तेल निथळतं, तो घाम. त्याला औषध नाही, पुसायचं आणि ठेवायचं. दुपारभरात कागदावर रुपयाएवढा डाग पडला तर पाझर. त्यावर लक्ष ठेवायचं, पण मशीन उघडायचं नाही. टाकी रिकामी आणि कागद चिंब, ती गळती. मी शब्दांच्या धंद्यातला माणूस. एका शब्दाची कामं तीन शब्दांत वाटून देणारा मेकॅनिक मला आवडणारच होता.

आणि तुझं ते दुसरं. “तेल जिथं दिसतं, तिथून ते आलेलं नसतं.” ते अंगावरून वाहत खालच्या कोपऱ्यात जमतं, आणि येणारा प्रत्येक जण त्या कोपऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून आधी मशीन पेट्रोलने धुवायचं, वाळवायचं, कोऱ्या कागदावर ठेवायचं आणि वाट पाहायची. धुतल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. मी म्हटलं होतं, हे वाक्य फार मोठं आहे, सोपान. तू म्हणालास, “मग घाल कुठल्या पुस्तकात.” घातलं नाही. आता घालतो आहे, आणि कशासाठी ते तुला पुढे कळेल.

आधी आपलं भांडण. खरं तर भांडण नव्हतंच, म्हणून ते मिटायचंही राहून गेलं.

संक्रांत झाल्यावर तुझ्या नावाने एक जाड कार्ड आलं. शेजारच्या मैदानावर एका मंडळाचा ‘श्रमगौरव सोहळा’, त्यात अकरा सत्कारमूर्ती, त्यांत तू. तू कार्ड माझ्यापुढे सरकवलंस, हात तेलकट होते म्हणून कोपराने. मी ते मोठ्याने वाचलं. मला अशा वेळी जरा जास्तच सुचतं.

“शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह. स्मृतिचिन्ह तुलाच देणार, म्हणजे तू स्वतःला विसरशील अशी त्यांना भीती आहे.”

तू हसलास.

“पाहुणे येईपर्यंत दोन तास बसवतील. मग दहा मिनिटांत अकरा जणांना गुंडाळतील. शाल पांघरताना फोटोवाला म्हणेल, इकडे बघा, आणि शाल देणारा तिकडेच बघत असेल.”

“शाल गरम असते म्हणे,” तू म्हणालास.

“असते. म्हणून उन्हात देतात.”

तू पुन्हा हसलास. मग चेनला कानस मारत, माझ्याकडे न बघता विचारलंस, “जाऊ नये म्हणतोस?”

“तुझी मर्जी. पण त्या रांगेत बसलेला दिसलास तर मी ओळख दाखवणार नाही.”

ह्या वाक्यावर मी त्या वेळी खूश होतो.

सोहळ्याच्या दिवशी आपण दुकानातच होतो. लाऊडस्पीकर थेट आपल्याच दिशेला लावलेला. भाषणं ऐकत मी प्रत्येकाला गुण देत होतो. मग तुझं नाव आलं. “सोपानराव... सोपानराव उपस्थित आहेत का?” दोनदा विचारलं. तुझ्या हातातली कानस थांबली. मी म्हणालो, “राव झालास की रे!” तू हसून कानस पुन्हा चालवायला लागलास. पुढचं नाव पुकारलं गेलं. मला वाटलं, आपण दोघं मिळून हसलो.

चैत्रात तू गेलास. कसा, ते लिहीत नाही. तुला माहीत आहे, आणि बाकीच्यांना कुसुमवहिनींनी इतक्यांदा सांगितलं आहे की आता त्यांचं ते पाठ झालं आहे, मधे कुठे थांबायचं यासकट.

दहाव्याला गोदाकाठी माइक होता. त्याच सद्गृहस्थांनी तुला वृक्षमित्र केलं ते तिथे. पाच जण बोलले. त्यांतल्या दोघांनी तुला ओळखलं असतं की नाही, शंका आहे. मग पिंड ठेवला, आणि कावळा येईना.

कावळ्यांच्या वेळापत्रकावर माझा विश्वास नाही, हे तुला माहीत आहे. पाच भाषणं ऐकल्यावर मी कावळा असतो तरी पलीकडच्या काठाला गेलो असतो. पण अर्धा तास झाला. उन्हात लोक उभे. कुणीतरी म्हणालं, मनात काही राहिलंय. गावाकडच्या भावाने जमीन नीट सांभाळतो म्हणून सांगितलं, लेकीने आईला नेते म्हणून सांगितलं. कावळा झाडावर बसून मान तिरकी करून ऐकत होता. मग वहिनी माझ्याकडे वळल्या.

“हिरामणचं मशीन राहिलंय. टेबलावर तसंच पडून. शेवटचं तेच घेतलं होतं त्यांनी.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रोज दुकानात बसणारा माणूस म्हणजे त्याला काम येत असणार, असा लोकांचा समज असतो. मी म्हणालो, “देतो करून.” मनातल्या मनात नाही, मोठ्याने, हात जोडून, माझ्याच कानांना ओळखू येणार नाही अशा आवाजात. कावळा खाली उतरला. कुणीतरी त्याच वेळी पिंडाशेजारी कुरडईचा तुकडा ठेवला होता, हेही नोंदवून ठेवतो.

हिरामण तुला सांगायला नको. पेठकडचा, बुटका, बोलताना जमिनीकडे बघणारा. शहरातल्या झाडांच्या धोकादायक फांद्या पावसाआधी उतरवायचं काम त्याला एका मुकादमाकडून मिळतं, आणि त्याच्याकडे मशीन एकच. शटर वर करून मी आत शिरलो त्या शुक्रवारी तो पायरीवर बसलेलाच होता.

“सर, सोमवारी मशीन नाय तर मुकादम दुसरा गडी घेतो म्हणाला. अख्खा सीझन जाईल.”

“होईल,” मी म्हणालो. दोन दिवसांत हे माझं दुसरं वचन.

मी मशीन कागदावर ठेवलं. छोट्या जाहिरातींचंच पान. तासाभरात डाग पडला, आणि बघतो तर टाकीच्या अंगाला टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक, त्याच्याभोवती सगळं ओलं. अठरा वर्षांच्या निरीक्षणाचं फळ म्हणून मला भरून आलं. तुझ्याच डब्यातली दोन रंगांची पुट्टी मळली, भोक बुजवलं, वर अंगठा दाबून गुळगुळीत केलं. वाळू दिलं. मग टाकी भरून मशीन कोऱ्या कागदावर ठेवलं आणि समोर बसून राहिलो. दुपार गेली. कागद कोरा. एक थेंब नाही. तुझ्या खुर्चीत बसून मी चहा मागवला, सोपान. ते सांगायला नको होतं, पण सांगतो.

हिरामण मशीन घेऊन गेला. शनिवारी सकाळी तो परत आला. मशीन खांद्यावर, पट्टी काढून हातात. पट्टीची कड निळी पडली होती, जळलेल्या तव्यासारखी.

“सर, गळायचं थांबलं बरं का,” तो म्हणाला. माझं वाईट वाटू नये म्हणून त्याने आधी ते सांगितलं. “पण तेलच येत नाय. चेन ताठली. धूर निघाला.”

“भोक बुजवलं मी,” मी म्हणालो. “इथलं.”

त्याने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “सर, हे नाक हाय ना त्याचं?”

नाक. हा शब्द मी तुझ्या तोंडून शेकडो वेळा ऐकला होता. ‘नाक साफ कर’, ‘याचं नाक चोंदलंय.’ मला तो शब्द आवडायचा. तो कुठल्या भोकाला म्हणतात, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. टाकीतलं तेल खाली जायचं तर वरून तेवढी हवा आत यायला हवी, ती त्या भोकातून येते. ते बुजवलं, म्हणजे काठोकाठ भरलेल्या नळीच्या वरच्या तोंडावर बोट ठेवावं तसं झालं. खाली थेंब पडत नाही आणि पट्टीला थेंब जात नाही. माझा कागद त्यामुळे कोरा राहिला होता. आणि मशीन मी धुतलंही नव्हतं.

ह्या भोकात एक बारीक रबरी झडप असते, ती मी पुट्टीत गाडली होती. तशी दुसरी तुझ्याकडे कुठेतरी असणार. हिरामण म्हणाला, “अण्णा बारीक सामान घरी ठेवायचे, कपाटात.” मी जिन्याने वर, तुमच्या घरी गेलो. वहिनींनी लोखंडी कपाट उघडलं. खालच्या खणात तुझे बिस्किटांचे डबे होते, वर तुझ्या अक्षरात लिहिलेले. त्यांत शोधताना वरच्या खणातून एक पिशवी खाली पडली. शिंप्याची पिशवी. आत पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी न मोडलेला.

“नवा दिसतो,” मी म्हणालो.

“त्या कार्यक्रमासाठी शिवला होता,” वहिनी म्हणाल्या. “शाल देणार होते ना. शिंप्याकडे दोनदा गेले मापाला, त्याने आधी बाही आखूड केली म्हणून. आदल्या दिवशी इस्त्री करून आणला. मग सकाळी म्हणाले, नको, मास्तर म्हणतो ते खरंय, नुसता दिखावा असतो.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी तो शोधत होतो, सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

“मला तरी बोलायचं त्याने,” मी म्हणालो.

“तुम्ही हसला असता.”

हसलो असतो.

सोपान, दिखाव्याबद्दल मी जे म्हणतो ते आजही म्हणेन. तो फ्लेक्स विनोदीच आहे आणि ती भाषणं खोटीच होती. पण तू त्या मंडळाकडे मान मागायला गेला नव्हतास. त्यांनी बोलावलं होतं. चाळीस वर्षं लोकांनी तुझ्याकडे फक्त बिघडलेलं आणून दिलं, आणि एकदा कुणीतरी काही चांगलं द्यायला तुझं नाव माइकवर घेतलं, तेव्हा तू शंभर पावलांवर बसून कानस मारत होतास, कारण शेजारी मी बसलो होतो. भोक दिसलं की बुजवायचं, ही माझी खोड जुनी आहे. कावळा कशासाठी थांबला होता ते मला माहीत नाही. मी मानत नाही. तरी विचार करतो.

शर्ट वहिनींनी पुन्हा पिशवीत घातला. झडप तिसऱ्या डब्यात मिळाली.

मग मी तुझ्या पद्धतीने केलं. म्हणजे मी आणि हिरामणने. पुट्टी सुईने टोकरून काढायला रविवारची सगळी सकाळ गेली. मशीन पेट्रोलने धुतलं, उन्हात वाळवलं, कोऱ्या कागदावर ठेवलं आणि दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. तुला लोक सांगायचे, अण्णा नुसते बघत बसतात. बघत बसणं हेच काम आहे, हे मला त्या दिवशी कंबरेच्या कळेने समजलं. तासाभराने पहिली ओल दिसली. नाकाजवळ नाही. आत, जिथे टाकीतली नळी पंपाला जाते तिथे. नळी बाहेर ओढली तर वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी कडक, आणि वाकवली की चिरेतून तेल. तेल जिथं दिसतं, तिथून ते आलेलं नसतं.

नवी नळी घातली, नवी झडप बसवली. पट्टी तुझ्या भिंतीवरच्या जुन्यातली एक जुळली. दुपारभर कागदावर ठेवलं, तळाशी बोटभर ओल आली.

“पाझर,” मी म्हणालो.

“घाम,” हिरामण म्हणाला. त्याचं बरोबर होतं, पट्टी भिंतीवरून काढताना आम्ही ती पुसली नव्हती.

मी मशीन त्याच्याकडे देणार, तर तो म्हणाला, “सर, दुसरा कागद?”

कसला दुसरा कागद? त्याने गठ्ठ्यातून एक पान घेतलं, दारासमोरच्या भिंतीला उभं टेकवलं, मशीन चालू केलं, पट्टीचं टोक कागदापासून हातभर लांब धरलं आणि जोरात चालवलं. कागदावर हळूहळू एक बारीक काळी रेघ उमटली. चेन तेल फेकत होती, म्हणजे तेल पट्टीपर्यंत पोचत होतं.

“अण्णांचं असंच. एक कागद खाली, एक समोर. खाली काय सांडतं ते बघायचं, आन समोर काय पोचतं तेबी बघायचं.”

हे तू माझ्यासमोर शेकडो वेळा केलं असशील. मी त्या वेळी बोलत असणार.

सोमवारी हिरामण कामावर गेला. गुरुवारी चारच्या सुमाराला दुकानात आला. हातात पिशवी. तीत नारळ, टॉवेल आणि पांढरी टोपी. गावाकडची रीत, शालीपेक्षा जुनी आणि माइक नसलेली.

“अण्णांसाठी घेतलं होतं,” तो म्हणाला. “मशीन झालं का द्यायचं ठरवलं होतं. आता तुम्ही केलं.”

“मी बिघडवलं, हिरामण.”

“नीटबी केलं की.”

“फोटोला घाल मग.”

“फोटोला टोपी कुठं घालणार?” वहिनी जिन्यावरून म्हणाल्या. “तुम्ही घ्या मास्तर.”

माझ्याकडे तीन वाक्यं तयार होती. तिन्ही चांगली होती. मी मान खाली केली. हिरामणने खांद्यावर टॉवेल ठेवला, हातात नारळ दिला आणि दोन्ही हातांनी, जमिनीकडे न बघता, टोपी घातली. ती सैल होती. कानांवर उतरली. तुझ्या मापाची होती ना.

“राहू द्या, काढू नका,” वहिनी म्हणाल्या.

काढली नाही. तशीच घालून नाक्यापर्यंत चालत आलो. तुझ्या फ्लेक्सखाली संध्याकाळची गर्दी होती, रिक्षावाले बघत होते. मी थांबलो, वर पाहिलं, आणि हात केला. ओळख दाखवली.